दुधाचा भोपळा

आई,

तुझ्या जेरोपचा जपानहून नमस्कार. मी बरी आहे, भात आता घशाखाली उतरतो. आपल्या तांबड्या गाईचा पाय बरा झाला का? पुन्हा दूध देते का?

शेजारच्या काकूंना सांग, इथे माझं रक्त कुणी विकत नाही. धावण्याआधी आणि नंतर आमच्या धावणाऱ्यांच्या संघाच्या डॉक्टरीणबाई थोडं काढून तपासतात, एवढंच. लांब धावलं की अंगात काजळी धरते म्हणे, चूल फार पेटवल्यावर धरते तशी. पण रोज धावणाऱ्याचं अंग ती पुसायला आपणहून शिकतं.

काजळी ऐकूनच मी घाबरले आणि ती पुसतात म्हणून जीवनसत्त्वांच्या गोळ्या मूठमूठ खाल्ल्या. बाई चिडल्या. “सगळं गोळ्यांनीच पुसलंस, तर अंग शिकणार कधी?”

मी म्हटलं, “आमच्याकडे दूध साठवायचा पोकळ, वाळका भोपळा आतून कोळशानेच घासतात. त्यानेच दूध टिकतं. थोडी काजळी मलाही मानवेल.”

“आणि पुन्हा भरण्याआधी भोपळा धुऊन वाळवता ना?”

“वाळवतो की.”

“मग तू सुट्टीच्या दिवशीही का धावतेस?”

मी बुटांच्या नाड्या सोडल्या.

तेव्हा पुढच्या शर्यतीत रेडिओवर माझं नाव आलं नाही, तर घाबरू नकोस. माझी काजळी अजून उतरत नाहीये, म्हणून विश्रांती सांगितलीय. ती कुठे घ्यायची, ते बाईंनी माझ्यावर सोडलंय.

माझा भोपळा धुऊन उन्हात ठेव. दूध मी आल्यावर भरू.

तुझी,
जेरोप