साधनाला काहीही न देण्याबाबत

मी, पद्माकर शांताराम पेडणेकर, वय ७६, निवृत्त मरीन इंजिनीअर, मूळचा वेंगुर्ल्याचा, हल्ली राहणार तोआ पायोह, सिंगापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने करत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. दुपारी जेवल्यावर ते जरा तरंगते, म्हणून मजकूर सांगायला सकाळीच बसलो होतो. पण सांगता सांगता दुपार झाली. याआधी मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्यास ते रद्द समजावे.

१. फ्लॅट मुलगी योगिनीला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरचे कपडे वाळत घालायचे बांबू माझ्या बायकोने, शैलाने, एकेक निवडून आणलेले आहेत. शैला जाऊन सहा वर्षे झाली, बांबू अजून सरळ आहेत. ते बदलायचे नाहीत.

२. पान्यांची पेटी जावई परेश याला. गळका नळ दुरुस्त करायला हा गृहस्थ आधी तासभर व्हिडिओ बघतो. अहो, वॉशर बदला आणि मोकळे व्हा!

३. बँकेत जे असेल ते नात आर्याला. तिने मला निदान एकदा मराठीत उत्तर द्यावे अशी इच्छा आहे. ‘आजोबा, कॅन लाह’, म्हणजे ‘जमेल की’, हे इथले इंग्रजी मराठी धरले जाणार नाही.

४. अस्थी समुद्रात सोडाव्यात, जिथे परवानगी असेल तिथे. बंदराबाहेर नांगरून उभी असलेली जहाजे तिथून दिसली तर फारच बरे. पहाटे धुक्यात ती पाण्यावर आहेत की आभाळात, हे मला चाळीस वर्षांत नीट कळले नाही.

५. आता माझी धाकटी बहीण साधना. राहते जुरोंग ईस्टला. आमच्या स्टेशनवरून लाल लाइनने सरळ जाता येते, मधे गाडीसुद्धा बदलावी लागत नाही. तरी चार वर्षे ती या घरात आलेली नाही. दोष माझा आहे, तो इथे लिहून देतो.

वेंगुर्ल्याचे घर विकायचे ठरले तेव्हा कोविड चालू होता, म्हणून विक्रीचे अधिकारपत्र आम्ही व्हिडिओवर नोटरी करून घेतले. पडद्यावर तीन चौकोन. एकात मी, एकात साधना, एकात नोटरीबाई. “खोलीत आणखी कोणी नाही ना? फोन फिरवून सगळी खोली दाखवा,” बाई म्हणाल्या. कोणी दबाव आणत नाही ना, याची खात्री त्यांना करायची असते. मी शहाण्यासारखा फोन फिरवला. दार, खिडकी, शैलाचा फोटो आणि कोपऱ्यात आईचे हाताने फिरवायचे शिलाई मशीन.

हे मशीन आईने साधनाला ठेवले होते. मी साधनाला सांगितले होते की ते गंजले, भंगारात दिले. प्रत्यक्षात शेवटच्या जहाजावर केबिनमध्ये घालून मी ते इकडे आणले. साधना घरी यायची तेव्हा ते पलंगाखाली सरकवायचो. मला हवे होते, बस्स. लहानपणी आई शिवायला बसली की मी तिच्या मांडीशी झोपायचो. पुढे जन्मभर इंजिनांच्या आवाजात झोपलो, तेव्हाही मला तेच मशीन ऐकू यायचे.

“राजीखुशीने सही करताय ना?” नोटरीबाईंनी विचारले. साधना “हो” म्हणाली, पण ती बाईंकडे बघत नव्हती. सही झाली आणि लगेच तिचा फोन आला. “खोटारड्या! तुझ्या घराची पायरी चढणार नाही. आणि तुझ्याकडचं मला काही म्हणजे काही नको.”

६. तेव्हापासून दुपारी डोळा लागला की एकच दिसते. ते तीन चौकोन. त्यांच्या मधल्या रेघा हळूहळू विरघळतात. साधना सात वर्षांची, परकर-पोलक्यातली, आपल्या चौकोनातून हात बाहेर काढते आणि मशीनचे चाक फिरवते. कापड येतच राहते, खिडकीतून बाहेर, बांबूंवरून, थेट त्या उभ्या जहाजांपर्यंत. मी शिवण धरून चालत जातो. जाग येते तेव्हा पंखा फिरत असतो आणि मला रडू येते. यात लाजण्यासारखे काही नाही, म्हणून लिहिले.

७. माझी वकील रुचिरा म्हणाली, “काका, मृत्युपत्र व्हिडिओवर चालत नाही. दोन साक्षीदार तुमच्यासमोर बसलेले लागतात. आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही.” एक साक्षीदार शेजारचे टॅन. त्यांनी विचारले, “मला काय मिळणार?” काही नाही, म्हटले. “मग कॉफी तरी पाज,” म्हणाले.

दुसरा साक्षीदार कोण? माझ्याकडचे काहीच नको, असे तोंडावर सांगितलेले माणूस एकच आहे. म्हणून साधनाला मी याद्वारे काहीही देत नाही. सुईसुद्धा नाही. तिचा शब्द मी पाळला. आता तिने एकदा येऊन समोर बसावे. निरोप रुचिराने दिला आहे. अजून उत्तर नाही.

८. साधना आली नाही, तर रुचिराने दुसरा साक्षीदार बघावा आणि मशीन योगिनीकडे जावे.

(यापुढील मजकूर सह्यांपूर्वी हाताने लिहिलेला आहे.)

कलम ८ खोडले आहे. साधना सव्वातीनला आली. पाणी नको म्हणाली. सरळ मशीनपाशी गेली आणि चाकाला बोट लावले. चाक फिरले.

“तेल घालत होतास?”

“दर रविवारी.”

मग तिने पाणी मागितले.

ठिकाण: तोआ पायोह, सिंगापूर
दिनांक: १४ जून २०२५

मृत्युपत्र करणार: पद्माकर शांताराम पेडणेकर (सही)

साक्षीदार १: टॅन हॉक सेंग (सही)

साक्षीदार २: साधना मनोहर कुडाळकर (सही)
या मृत्युपत्रातून मला काहीही मिळत नाही, हे वाचले व मान्य आहे. मशीन आईने मला दिलेले आहे, ते मी घेऊन जात आहे. जड आहे, म्हणून दादा जुरोंग ईस्टपर्यंत बरोबर येतो आहे.