नदीपलीकडची निळी किटली

३ मे २०११
घर माझं झालं! बक्षीसपत्रावर सह्या केल्या आणि लव्हडे आत्या होडीत बसून पलीकडच्या तिच्या नव्या खोलीवर गेलीसुद्धा. मागे वळूनही पाहिलं नाही.

वकील ट्रेगेलस मला बाजूला घेऊन म्हणाले, "मोरवेना, आत्याबाई अजून सात वर्षं जगल्या तर दिलेल्या घरावर वारसा कर नाही. आधी गेल्या, तर तो तुमच्या गळ्यात." म्हणजे घर विकूनच भरायचा. आत्या ऐंशीची! तिनं ऐकलंच. "सात ना? जगते की. मला दुसरं काम काय आहे?"

४ मे
ठरलंय. ती उठली की तिच्या खिडकीत निळी किटली, मी उठले की माझ्या खिडकीत पिवळा टॉवेल. फोन ती बाळगतच नाही.

१९ ऑगस्ट
आत्या आली. चहाची पुडी स्वतःची, केशराचा पावही पिशवीतून. खुर्ची नको म्हणाली, पायरीवर बसली.

"अगं, हे काय?"
"दिलेलं घर देणाऱ्यानंच वापरलं, तर ते दिलंच नाही असं धरतात. गरम पाणी तेवढं तुझं घेते."
"पाहुणी म्हणून आलेलं चालतं, वकील म्हणाले!"
"वकिलाचं काय जातंय बोलायला!"

पलीकडे दुर्बीण लावून बसते म्हणे, आपल्याच जुन्या घराकडे बघत. "बघण्यावर कर नाही ना गं?"

११ जानेवारी २०१२
धुकं. होडी बंद. किटली दिसत नाही.

१२ जानेवारी
धुकं.

१३ जानेवारी
किटली! खिडकीशी उभी राहून रडले. मग लाज वाटली — कुणासाठी रडले मी? तिच्यासाठी, की घरासाठी? भरतीला समुद्राचं पाणी नदीत शिरतं तसं झालंय. वरून बघून काही कळत नाही.

२० सप्टेंबर
स्वप्न पडलं. घर होडीसारखं सुटलं आणि तरंगत तरंगत पलीकडे तिच्या खिडकीला जाऊन लागलं. आत्या म्हणते, "पाय ठेवू का आत? वकिलाला विचार आधी." जागी झाले तेव्हा हसत होते. खिडकीबाहेर नदी दुधासारखी शांत. बराच वेळ वाटत राहिलं, घर अजून हलतंय.

२ मार्च २०१३
लख्ख ऊन. धुक्याचा मागमूस नाही. पलीकडचं कौल न् कौल दिसतंय.
किटली नाही.

६ मार्च
झोपेतच गेली. सातातली दोनही पुरी झाली नाहीत. टॉवेल खिडकीतच आहे, काढवत नाही.

१४ मार्च
घरांचा दलाल भिंती मोजून गेला. "नदीचा देखावा आहे, लगेच जाईल," म्हणाला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

२१ मार्च
ट्रेगेलस स्वतः आले. घर विकायचं नाही! आत्यानं २०११च्या मे महिन्यातच स्वतःचा आयुर्विमा काढला होता, माझ्या नावे — सगळा कर त्यातून भरून निघेल. मला सांगायचं नाही, अशी त्यांना ताकीद होती. सोबत तिची चिठ्ठी:

"वेना, सांगितलं असतं, तर रोज सकाळी माझ्या खिडकीकडे पाहिलं असतंस का?"

हो म्हणायला तोंड उघडलं. मग चिठ्ठी पुन्हा वाचली.

२२ मार्च
उठल्याबरोबर पलीकडे पाहिलं.