ठाण क्र. ७ मधील लाकडी भुसा आजच्या आज बदलण्याबाबत

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
अश्वदल तबेला, मुख्य कार्यालय.

विषय : घोडी क्र. ७ हिच्या अंथरुणाचा भुसा बदलण्याची परवानगी मिळणेबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ : आपला शेरा, "तपासनिसाने प्रमाणित केलेला माल तपासनिसाच्या फेरतपासणीशिवाय बाद करता येत नाही."

महोदय,

१. सदर तपासनीस मीच आहे. भुसा उत्तम असल्याच्या दाखल्यावर सही माझी, आणि तो घातक असल्याचे दोन्ही अर्जही माझेच. मी मध्येच शब्द का फिरवला, असे आपण विचारले आहे. आज खरे ते सांगतो.

२. सोमवारी साठ पोती आली. त्यांत पाइनच्या भुशात काळ्या अक्रोडाचा भुसा मिसळलेला होता. त्यावर घोडे उभे राहिले की रात सरायच्या आत पाय सुजतात, खूर तापतात. पाइनचा भुसा ओल धरून काळवंडतो, म्हणून आम्ही रंगावर जात नाही. मूठभर भुसा तळहातावर चोळून वास घ्यायचा, हीच आमची तपासणी.

३. तीन वर्षांपूर्वी तापातून उठलो तेव्हापासून मला वास येत नाही. शेजारी दूध करपून भांडे काळे झाले, तरी मी तिथेच वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. ही गोष्ट फक्त बायकोला माहीत. "नोकरी जाईल, तोंड बंद ठेवा," असे ती म्हणाली. मग माल यायच्या दिवशी ती डबा घेऊन तबेल्यात येई. मी मूठ पुढे करी, ती वाकून डबा ठेवता ठेवता हुंगे. खोकली की माल परत. तीन वर्षांत तिचा अंदाज एकदाही चुकला नाही. त्या सोमवारी ती लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. मी एकट्यानेच मूठ नाकाशी धरली, मान डोलावली आणि सही केली. यात तिचा काडीचाही दोष नाही.

४. मंगळवारी सकाळी घोडी क्र. ७, जिला आम्ही ठकू म्हणतो, पाय उचलेना. डॉक्टरांनी भुसा काढा असे लिहून दिले. त्यावर, डॉक्टरांचा अधिकार घोडीपुरता आहे, भुशावर नाही, असे आपण कळवलेत. मी भुसा झाडून तिला कोरड्या फरशीवर उभे केले, तर 'जनावरास अंथरुणाविना ठेवले' म्हणून मला ताकीद मिळाली आणि तोच भुसा पुन्हा पसरण्यात आला. भुशाऐवजी अंथरायचे गवत ज्या कोठारात आहे, त्याची किल्ली आपल्या टेबलाच्या खणात आहे. मी तीनदा आलो, तिन्ही वेळा आपण बैठकीत होता.

५. फेरतपासणी करण्यास मी असमर्थ आहे, हे या अर्जाने लेखी देत आहे. दाखला खोटा आहे. मला कामावरून काढावे, पण आधी किल्ली द्यावी. ठकू ठाणावर मागे रेलून उभी आहे, पुढच्या पायांवर भार घेत नाही. मी जवळ गेलो की खांद्यावर तोंड टेकवते. तिला या अवस्थेत मीच लोटले, आणि तिला ते कळत नाही, हे मला सोसवत नाही.

६. वरील मजकूर काल दुपारी लिहिला. आज सकाळी ठकू खाली बसली ती उठली नाही. साडेदहाला डॉक्टरांना नाइलाजाने तिला इंजेक्शन द्यावे लागले. सबब विषयातील विनंती रद्द समजावी. आता एवढेच मागणे, की आपल्या कार्यालयाने भरलेल्या नमुन्यात मृत्यूचे कारण 'वय' असे लिहिले आहे, ते खोडावे. ती अवघ्या नऊ वर्षांची होती. तिथे माझे पद लिहावे. उरलेला भुसा उद्या घोडा क्र. २ खाली पसरण्याचा आदेश निघाला आहे. तो थांबवावा.

आपला,
कसूर कबूल असलेला,
भुसा तपासनीस
(सही)
दिनांक : १९

सोबत :
१) माझा खोटा दाखला, मूळ प्रत.
२) डॉक्टरांची चिठ्ठी.
३) सदर भुसा, एक मूठ, पाकिटात. वास कृपया आपण घ्यावा.