पेशीच्या दारापर्यंतचं पुस्तक

मिरजोळे,
१२ जानेवारी १९८५

ती. रघूदादास,
राहीचा सा. न. वि. वि.

इकडे सगळी खुशाल. काकूने तुझ्यासाठी कुळथाचं पीठ काढून ठेवलंय, आणि पोटचा पोर असून येत नाहीस म्हणून रोज शिव्याही घालते.

मे महिन्यात मुंबईच्या त्या संस्थेत एमएस्सीची मुलाखत आहे. जागा एकच. पेशी एकमेकींना निरोप कशा धाडतात, यावर हटकून विचारतात म्हणे. सरांनी दोन पुस्तकं सुचवलीत, एक बारीक, एक जाडजूड; नावं पत्राच्या मागे लिहिलीत. घेता येईल एकच. तू प्रयोगशाळेत काम करतोस, दोन्ही चाळून बघशील? मला एवढंच हवंय: अ‍ॅड्रेनलिन पेशीच्या बाहेरच चिकटतं, मग आतली साखर सुटते कशी? आणि हे शोधलं कुठल्या प्रयोगातून? नुसत्या व्याख्या पाठ करून माझं समाधान होत नाही. तू सांगशील तेच घेईन.

लोभ आहेच, तो असाच वाढू दे.
तुझी राही

परळ,
२५ जानेवारी १९८५

चि. राहीस अनेक आशीर्वाद.

अगो, केवढे प्रश्न! दोन्ही पाहिली. जाडं म्हणजे नुसता पसारा, वाचून डोकं फिरेल. बारीकच घे. भाषा सोपी, आकृत्या सुबक, मुलाखतीला तेवढं पुरे. मीही तेच वाचून शिकलो. पार्सलने पाठवतोय. पाठ कर नि निर्धास्त हो.

मला सध्या मरायला फुरसत नाही. उन्हाळ्यात येणं होणार नाही, असं आईला सांग.

सर्वांस यथायोग्य, तुझ्यावर लोभ नेहमीचाच.
रघूदादा

मिरजोळे,
२ जून १९८५

रघुनाथ,

वर नमस्कार लिहायला हात धजावत नाही.

संस्थेच्या व्हरांड्यात तू बाकावर बसला होतास. मांडीवर ते जाडं पुस्तक, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. मी वेडी, आधी आनंदच झाला. वाटलं, दादा मला धीर द्यायला आलाय. मग शिपायाने तुझं नाव पुकारलं.

आत मला तेच विचारलं, साखर सुटते कशी. तू पाठवलेल्या पुस्तकात ‘पेशीवर परिणाम होतो’ यापुढे ओळ नाही. तेवढंच सांगून बाहेर आले. जागा तुला मिळाली.

मीही बसतोय, तुझं तू बघ, असं लिहिलं असतंस तर मी भांडले असते, रडले नसते. माझं नेमकं काय अडलंय ते तुला ठाऊक होतं, मीच लिहिलं होतं. मेल्या, ज्यात त्याचं उत्तर नाही तेच निवडून पाठवलंस, नि वर आशीर्वाद!

घरी अजून कुणाला बोलले नाही. काल काकूने वाडीभर पेढे वाटले. पहिला माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, दादाने मुद्दाम पुस्तक पाठवलं, तरी तुला जमलं नाही गो. आई मान खाली घालून बसली होती.

मी पेढा खाल्ला.

यापुढे लोभ मागत नाही.
राही