'रन'च्या कागदामागचं वाक्य

दि. ३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा पत्ता पुन्हा बदलला. माझ्या वहीत तुझ्या नावाचं पान खोडून खोडून काळं झालंय, म्हणून आता पेन्सिलीनं लिहायला लागले. लहानपणी तुला भिंगरी म्हणायला लागलो तेव्हा वाटलं नव्हतं की तू ते नाव इतकं मनावर घेशील. गावोगाव लिफ्ट बसवत फिरतोस. वरखाली त्या जातात आणि चक्कर मला येते.

इकडे आमच्या शब्दकोशात मी 'रन'पाशी येऊन अडकले आहे. मुख्य संपादकांना वाटलं, इंग्रजीतलं एवढंसं क्रियापद, आठवड्यात हातावेगळं होईल. पण आपल्याकडे माणूस पळतो, पाणी वाहतं, नाक गळतं, यंत्र चालतं, कपड्याचा रंग जातो, रस्ता गावातून जातो, अंगात ताप असतो, साखर संपते. इंग्रजीवाल्यांना मात्र सगळ्याला हा एकच शब्द पुरतो. निवडणुकीला तर त्यांचा माणूस पळतो आणि आपला उभा राहतो. संपादकांचा हट्ट असा की प्रत्येक अर्थाखाली घरात बोललं जाईल असं वाक्य हवं, पुस्तकी नको. मग मी आपल्याच घरात शिरते. गुण घराण्यात उतरतो त्यालाही 'रन'च; त्याखाली 'हट्टीपणा त्या घराण्यातच आहे' हे वाक्य लिहिताना माझ्यासमोर कोण होतं ते सांगायला नको. दोघं होते.

अण्णांचं कार्ड आलं. प्रकृती ठीक, सायकलींचं दुकान ठीक, संपलं कार्ड. एका गावात वर्षभर टिकून दाखव, मगच घरी ये, असं ते रागाच्या भरात बोलून गेले आणि तू ते धरून बसलास. ते बोलावणार नाहीत आणि बोलावल्याशिवाय तू जाणार नाहीस. माझी मधल्यामध्ये अडकित्त्यातली सुपारी झाली आहे. एकदा जाऊन ये रे. रात्री दिवा मालवला तरी 'रन'चे ते अर्थ डोक्यात फिरत राहतात आणि त्यांच्या मागून तुम्ही दोघं.

कागद पाठकोरे आहेत, रागावू नकोस. कार्यालयात रद्द झालेल्या मसुद्यांचा ढीग पडलेला असतो, त्यातलेच उचलते. कळावे. लोभ आहे, तो पत्त्यासारखा बदलू नकोस.

तुझी,
ताई

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राची मागची बाजू मी नेहमी आधी वाचतो, कारण पुढच्या बाजूला उपदेश असतो. या वेळी मागे लिहिलं होतं की वडिलांचे आता फार दिवस उरले नाहीत, मुलाने उशीर करू नये. तुझ्याच अक्षरात. पुढे मात्र अण्णांची प्रकृती ठीक आणि एकदा जाऊन ये. एवढं मोठं सत्य सांगायला तुला पुढची बाजू सापडली नाही का? की अण्णांनीच तोंड बंद ठेवायला सांगितलं?

दुकानाशेजारच्या औषधवाल्याकडे फोन केला. बराच वेळ वाजला, कोणी उचलला नाही. रविवार होता हे नंतर ध्यानात आलं. लिफ्ट चौथ्या मजल्यावर तशीच लटकत ठेवली आहे. मुकादम ओरडत होता, त्याला काय सांगितलं ते आठवत नाही. हे पत्र स्टेशनवर उभ्यानं लिहितोय.

तुझ्यावर फार रागावलो आहे. अण्णा भेटले तर राग जाईल. लहान आहे, सांभाळून घे.

तुझा,
भिंगरी

दि. १३ फेब्रुवारी

तीर्थरूप अण्णांस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र पोचेपर्यंत भिंगरी बहुतेक तुमच्या दारात उभा असेल. त्याला रागावू नका, माझ्यावर रागवा. 'रन'चा एक अर्थ संपत येणे असा आहे. त्याच्यासाठी मी एक वाक्य रचलं होतं, की वडिलांचे फार दिवस उरले नाहीत, मुलाने उशीर करू नये. संपादकांना ते रडकं वाटलं, त्यांनी रद्द केलं. मी नेहमीसारखा पाठकोरा कागद म्हणून तो उचलला आणि त्याला पत्र लिहिलं. त्यानं वाक्य खरं धरलं आणि निघाला.

त्याच्या लॉजवरही खुलासा पाठवलाय, पण तो तिथे कुठला असायला. शुभ बोल रे नाऱ्या म्हणतात ते उगाच नाही. ते वाक्य मला सुचलं तरी कसं, या विचारानं दोन दिवस कामात लक्ष नाही. अण्णा, तुम्ही खरंच बरे आहात ना? कार्डावर लिहिता तसं नको, खरं लिहा. आणि त्याला दारातून परत पाठवू नका. तो मोठ्या मुश्किलीनं आला आहे.

आपल्या आशीर्वादाचा लोभ आहेच, तो या वेंधळीवरही राहू द्यावा.

आपली,
मोठी

दि. १८ फेब्रुवारी

चि. मोठीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राच्या आधी तुझं वाक्य येऊन पोचलं. मी एका गिऱ्हाईकाच्या सायकलचं मागचं चाक काढून बसलो होतो. हा दारात, धापा टाकत, पायांत दोन वेगवेगळे मोजे. माझं मनगट धरून नाडी बघायला लागला. नाडी कुठे असते हेही त्याला धड ठाऊक नाही. हवा भरायची असेल तर पंप कोपऱ्यात आहे, असं माझ्या तोंडून गेलं. गिऱ्हाईक हसलं. हा मात्र तिथेच नटबोल्टांच्या डब्याशेजारी बसला आणि रडला. तुमची आई गेली तेव्हासुद्धा इतका रडला नव्हता. मी हात पुसून त्याच्या डोक्यावर ठेवला, तरी वंगण लागलंच.

मग तुझं पत्र आलं. वाचून खिशात घातलं. खरं सांगितलं तर हा आल्या पावली निघून जाईल, हे तुलाही कळतं. परवा त्यानं पिशवी खुंटीवरून खाली काढली आणि मला खोकला आला. म्हणजे मी आणला. या वयात सोंग आणायचं म्हणजे लाज वाटते, पण पिशवी परत वर गेली. तू मध्ये तोंड घालू नकोस.

तुझ्या त्या शब्दाचं ऐकून करमणूक झाली. चाक फिरतं, सायकल चालते आणि मुलगा पळून जातो, या तिन्हींना एकच शब्द वापरणारे लोक काटकसरी असले पाहिजेत. मला त्यातला तिसरा अर्थ तेवढा पाठ आहे. प्रकृती ठीक. तुझ्यावर राग नाही, उलट वाक्य बरं जमलं आहे.

तुझा,
अण्णा

दि. २ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझा खुलासा लॉजच्या मॅनेजरनं इकडे पाठवला. तेव्हा मला सगळं कळलं आहे. अण्णांनाही कळलं आहे हेही मला कळलं आहे, कारण त्यांच्या शर्टाच्या खिशातून तुझा पाठकोरा कागद डोकावत असतो. आपल्याला काही ठाऊक नाही असं दोघंही दाखवतो. तुला हसायचं तर हस.

त्यांचा खोकला ऐकायला तरी एकदा ये. मी पिशवीला हात लावला की आधी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात, मला ऐकू जाईल ना याची खात्री करून घेतात, मग खोकतात. नाटकात घेतलं तर पहिल्याच अंकात हाकलून देतील. मी पाण्याचा पेला नेऊन देतो. ते उपकार केल्यासारखे दोन घोट घेतात. मग आम्ही पंक्चर काढतो आणि ठिगळ कसं घासावं यावरून भांडतो.

पण ताई, पाय स्वस्थ बसत नाहीत. दुकानाच्या पायरीवरून बसथांबा दिसतो. बस आली की हातातला पाना थांबतो. मुकादमाचा निरोप आलाय, पंधरवड्यात आलो नाही तर दुसरा माणूस घेईल. रोज ठरवतो, उद्या निघायचं. रोज खोकला येतो. किती दिवस त्यांचं सोंग खरं मानू? आणि नाही मानलं तर त्यांच्या तोंडाकडे कसं बघू?

अण्णांना यातलं काही लिहू नकोस. लोभ आहे, म्हणून तर गाऱ्हाणं तुझ्याकडे.

तुझा,
भिंगरी

दि. ७ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुमच्या घरी चोरावर मोर आहे खरा. पत्र कार्यालयात वाचलं आणि एकटीच हसत बसले. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ चष्म्यावरून बघत होते. 'रन' एकदाचा छापायला गेला. त्या अर्थाखाली आता साखर संपत आली आहे असं निरुपद्रवी वाक्य आहे. तरी मला चैन नाही, छपाईवाल्यांना रोज विचारते की काही राहिलं का.

दोन्हीकडची गुपितं माझ्या पोटात मावत नाहीत. तूच काय ते त्यांना सांग. जायचं असेल तर जा, पण सांगून जा, आणि परत यायची तारीख देऊन जा. मागच्यासारखा न सांगता नको. अण्णांना वर्षभराचा हिशेब नको असतो रे, त्यांना येणारा माणूस हवा असतो. माझं ऐकशील एवढ्या आशेवर लोभ टिकवून आहे.

तुझी,
ताई

दि. १२ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकायचं ठरवलं होतं. आज जेवताना सांगणार होतो की सगळं ठाऊक आहे, रविवारी जातो आणि महिन्याभरात परत येतो. काल रात्री वाक्यं जुळवूनही ठेवली होती.

सकाळी सामान आणायला बाजारात निघालो. वाटेत आठवलं की पैसे घरीच राहिले, म्हणून मागच्या दारानं परत आलो. मी घरात आहे हे अण्णांना ठाऊक नव्हतं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पिशवी खुंटीवरच होती. अण्णा भिंतीला हात टेकून खोकत होते आणि ते थांबत नव्हतं. मी दारात आलो. मला पाहिलं तसा त्यांनी तोंडावर हात दाबला, खोकला गिळला आणि हसून विचारलं की सामान मिळालं का.

त्यांना दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलावली आहे. ते आत शर्ट बदलताहेत, उगाच खर्च म्हणून कुरकुर चालू आहे. मुकादमाला येत नाही म्हणून कळवलं. ताई, मला फार भीती वाटते. मिळेल त्या गाडीनं ये.

तुझा,
भिंगरी