रविवारी पश्चिमेला

३ फेब्रुवारी १९५९, मंगळवार

मामा येऊन गेले. उरणच्या मंडळींचा होकार आला आहे. "आता तुमचं काय ते सांगा. तेवीस तारखेला मी पुन्हा येतो," असं अण्णांना बजावून गेले. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा सगळे एकदम यंदाच्या थंडीबद्दल बोलायला लागले. जसं काही लग्न थंडीचंच आहे.

गृहस्थ (नाव लिहायला अजून हात धजत नाही) उरणला मीठ खात्यात कारकून. गेल्या महिन्यात मला पाहायला आले, पोहे निम्मे टाकले आणि सबंध बैठकीत एकच प्रश्न विचारला: "उरणला वारा फार असतो. चालेल ना?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पण वारा अंगावर घेतल्याशिवाय चालेल की नाही ते कसं सांगायचं? आणि घर कसं आहे? आणि माझी शाळेतली नोकरी? ते तर कुणी काढलंच नाही.

५ फेब्रु., गुरुवार

मधल्या सुट्टीत वत्सलाला सगळं सांगितलं. तिचा वर्ग माझ्या वर्गाशेजारी, मधली भिंत पातळ, त्यामुळे माझं निम्मं तिला आधीच ठाऊक असतं. म्हणाली, "मग जाऊन बघून ये."

"मुलीनं कधी घर बघायला जायचं असतं का?"

"म्हैस देतानासुद्धा लोक गोठा बघून देतात, इंदू."

चौथीच्या वर्गात कुलाबा जिल्ह्याचा नकाशा आहे. दोघींनी बोट ठेवून पाहिलं. पनवेल ते उरण, करंगळीचं एक पेर. सकाळी निघून दिवेलागणीला परत. दुपारभर माझी गणितं चुकत होती. मुलींनी दोनदा सुधारलं, तिसऱ्यांदा नुसत्या हसल्या.

७ फेब्रु., शनिवार

सांगितलं एकदाचं अण्णांना. कचेरीतून येऊन टोपी खुंटीला लावेपर्यंत धीर धरला, मग एका दमात बोलून टाकलं. अण्णा म्हणाले, "लोक काय म्हणतील?" हे येणार हे माहीतच होतं. पुढचं मात्र माहीत नव्हतं. आई चुलीपुढून उठून बाहेर आली.

"मी या घरात आले तेव्हा मागच्या दारी विहीर नाही हे मला वरातीतून उतरल्यावर कळलं. तेव्हापासून पाणी वाहते आहे. कुणी आधी दाखवलं असतं तर नाही म्हटलं असतं असं नाही. पण कळशी तरी लहान आणली असती माहेरून."

अण्णा बराच वेळ टोपी झटकत बसले. टोपीवर काही नव्हतं. मग म्हणाले, "उरणच्या देवीला जाऊन पुष्कळ वर्षं झाली."

म्हणजे ठरलं! देवीचं दर्शन घ्यायचं, येताना त्यांच्या आळीतून जायचं, घर बाहेरून बघायचं, थांबायचं नाही. रात्री राहायचं तर नावच नको. मुलगी त्या गावात रात्र राहिली म्हणजे पुढे काही व्हायच्या आतच बोभाटा.

आईला मिठी मारली. "पीठ लागेल," म्हणाली.

१० फेब्रु., मंगळवार

यष्टीने जमत नाही. जायची गाडी बरी आहे, यायची शेवटची इतक्या लवकर सुटते की देवीला लांबूनच हात जोडावे लागतील. म्हणून जानूची मोटर. जानू आगरी, बाप मिठागरावर होता, हा मोटर चालवतो. लग्नाच्या वऱ्हाडांनी त्याच्या मोटरचे सगळे स्प्रिंग बसवून टाकले आहेत. हँडल मारून चालू होते, कधी पहिल्या फटक्यात, कधी जानूच्या चौथ्या शिवीला.

अण्णांनी विचारलं, "वाटेत बंद नाही ना पडणार?"

"परली तर परली. आमी हाय ना. पानी पाजलं का चालते. जनावर हाय ते, रावसाहेब."

येत्या रविवारी त्याला वऱ्हाड आहे. म्हणून त्याच्या पुढचा, २२ चा. परत येऊन दुसऱ्याच दिवशी मामांना उत्तर. बरंच झालं, विसरायला वेळ नको.

वत्सलाही येते आहे. मी म्हटलं, तू कशाला? तर म्हणे, तू लाजून खाली बघशील, घर कोण बघणार?

१२ फेब्रु., गुरुवार

घात झाला. अण्णांनी पंचांग उघडलं. रविवारी पश्चिमेला दिशाशूल, म्हणजे त्या दिशेला निघायचंच नाही. उरण पश्चिमेला. आणि शाळेला सुट्टी रविवारीच. आईला म्हटलं, उरण थोडं सरकवता येईल का? तिने डोळे वटारले.

जेवले नाही नीट. भूक होती, पण राग दाखवायला दुसरं काही नव्हतं.

नंतर: अण्णांना शास्त्र मोडवत नाही, पण शास्त्रातली फट त्यांच्याइतकी लवकर कुणालाच सापडत नाही. हातात पंचांग घेऊन आपणहून स्वयंपाकघरात आले. प्रस्थान ठेवायचं! चांगल्या दिवशी तांदूळ, सुपारी, हळकुंड फडक्यात बांधून, जायच्या दिशेला कुणाच्या तरी घरी पुरचुंडी ठेवून यायची. ती ठेवली त्या क्षणी आपण निघालो. मग रविवारी निघालो तरी ते निघणं नव्हे, ते नुसतं पुढे जाणं. पुरचुंडी वाटेत उचलून बरोबर घ्यायची.

"आणि एकदा प्रस्थान ठेवलं की मोडायचं नाही," अण्णा म्हणाले. मी म्हटलं, कोण मोडतंय.

मग दोनदा भात घेतला.

१५ फेब्रु., रविवार

रिकामा रविवार. जानू वऱ्हाड घेऊन हॉर्न वाजवत तळ्यावरून गेला. मला उगाचच त्या नवरीचा हेवा वाटला, मग तिची काळजी वाटली.

आईची तयारी मात्र काशीला निघाल्यासारखी. दशम्या, लसणीची चटणी, फिरकीचा तांब्या, देवीची ओटी. मी म्हटलं, अगं सकाळी जाऊन संध्याकाळी परत. म्हणाली, "पोटाला ते कळत नाही."

पातळ कुठलं नेसू? निळं नको, ते पाहायला आले तेव्हा निळंच होतं; एकच आहे असं वाटेल. एकच आहे म्हणा.

१९ फेब्रु., गुरुवार

आज प्रस्थान ठेवलं. पश्चिमेला ठकूमावशींचं घर. ठकूमावशी म्हणजे आईच्या पापडाच्या भागीदार, त्यांना सांगितलं ते गावाला सांगितलं. म्हणून त्यांनाही देवीचंच कारण. पुरचुंडी माझ्या जुन्या हिरव्या चोळीच्या कापडाची, मीच बांधली. मावशींनी ती स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "देवीला निघालीस, पण गाठ मात्र फार घट्ट मारलीस गो."

परत येताना आपलं घर वेगळंच दिसलं. म्हणजे मी निघालेली होते ना. चहा प्यायला बसले ती पाहुणी. वेडेपणा आहे, पण मजा वाटली.

२० फेब्रु., शुक्रवार

ठकूमावशींच्या सुनेने पुरचुंडी शिजवली!

झालं ते असं. सकाळी मावशी देवळात गेल्या. मागे पाहुणे आले. खिचडीला तांदूळ कमी पडला. सुनेने फळीवर मूठभर तांदूळ बांधलेला पाहिला, सासूबाईंनी काढून ठेवला असेल म्हणून गाठ सोडली. हळकुंडही टाकलं, तेवढाच रंग. सुपारी तिने बाजूला ठेवली, ती पाहुण्यांनी खाल्ली.

मावशी रडत आल्या. "इंदूचा प्रवास आमच्या पोटात गेला गो. आता आम्हीच उरणला पोचतो."

मी पदर तोंडात कोंबून आत पळाले. पण आईचा चेहरा उतरला. पहिलंच पाऊल, आणि असं. "नको जायला. देवीच्या मनात नाही." मग माझंही हसू गेलं. नाही गेलो तर सोमवारी मामा येणार, अण्णा हो म्हणणार, आणि मी चैत्रात कळशी घेऊन कुठल्या तरी वाऱ्यात उभी. इतकं सगळं एकदम दिसलं. आईला म्हटलं, "तुझ्या वेळी पुरचुंडी कुणी शिजवली नव्हती ना? तरी विहीर नव्हतीच." ती चुलीकडे वळली. जास्त बोलले का मी?

आजही ठेवता येत नाही, शुक्रवारीसुद्धा पश्चिम वर्ज्य. सगळा भार उद्यावर.

२१ फेब्रु., शनिवार

अण्णांचा निकाल: "तांदूळ शिजला, प्रवास नाही. उलट नैवेद्य झाला." नवीन पुरचुंडी. आज आईने स्वतः बांधली, स्वतः नेऊन ठेवली, आणि मावशींच्या सुनेला चारदा सांगितलं की हे खायचं नाही.

जानू मोटर दाखवायला आला. धुतली आहे. एक दार सुतळीने बांधलं आहे. "त्या बाजूनं कोन उतरू नुका, बाकी गारी झ्याक हाय."

पातळ: पिवळं. वत्सलाचं.

झोप येणं शक्य नाही.

२२ फेब्रु., रविवार, पहाटे

जानू आला. हँडल दुसऱ्या फटक्यात. मावशींच्या दारात थांबून पुरचुंडी घेतली, माझ्या पिशवीत आहे. मावशी म्हणाल्या, "देवीला माझा नमस्कार सांग, आणि घर कसं आहे तेही सांग." म्हणजे पहिल्यापासून माहीत होतं. निघालो. खरं म्हणजे कालच निघालो.

२३ फेब्रु., सोमवार, मधली सुट्टी

मुली बाहेर लगोरी खेळताहेत. घाईत लिहिते, नाहीतर वत्सला सांगते तेच मला खरं वाटायला लागेल.

जासई गेल्यावर दोन्ही बाजूंना मिठागरं, उन्हात बघवत नव्हती. जानू बोलतच होता, "ते बगा, तिथं आमचा बाप उभा ऱ्हायचा." मोटरने दोनदा पाणी मागितलं. दर्शन झालं, दशम्या झाल्या. मग त्यांची आळी. अण्णांनी सांगून ठेवलं होतं, हळू चालव पण थांबू नको. पहिल्या फेरीत मी खाली बघितलं. वत्सलाने बघितलं, पण शेजारचं घर. दुसऱ्या फेरीत नेमकी बैलगाडी आडवी. अण्णा म्हणाले, "आता आलोच आहोत तर आणखी एकदा."

तिसऱ्यांदा एक बाई दारात उभ्या, कमरेवर हात. गृहस्थांच्या आई. मोटरपुढेच येऊन म्हणाल्या, "देवीलासुद्धा तीन प्रदक्षिणा पुरतात. आमच्या घराला किती घालणार? आत या."

अण्णांचं तोंड बघण्यासारखं झालं. आई मात्र उतरून सरळ चालायला लागली. मी बांधलेल्या दाराशी झटापट करत राहिले, जानूने ओढून बाहेर काढलं.

अण्णांना आत पाण्याची पंचाईत. मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, पण मुलगी अजून दिलेली नाही, आणि नाही प्यावं तर अपमान. शेवटी शहाळं घेतलं. "हे झाडाचं, घराचं नव्हे." त्यांच्या आई म्हणाल्या, "झाड आमचंच आहे." अण्णा म्हणाले, "पण पाणी त्याचं आहे." दोघांचं छान जमलं.

आई घर बघायच्या निमित्ताने सरळ मागच्या दारी. विहीर आहे. रहाट आहे. आई कठड्याला हात लावून उभी राहिली आणि बराच वेळ आली नाही. परत आली तेव्हा डोळे पुसलेले होते.

आणि गृहस्थ. घरचे कपडे, हातात चाकू, समोर लाकडाच्या ढलप्या. मला बघून चाकूच खाली पडला. खिडक्या वाऱ्याने आपटतात, म्हणून प्रत्येक खिडकीसाठी वेगळी पाचर करतात. "एकीची दुसरीला बसत नाही," म्हणाले. मागच्या खिडकीची काढून दाखवली. वारा असा आत आला की माझा पदर, वत्सलाचे केस, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं एकदम उठलं. मी हसले, मोठ्याने. तेही हसले. मग म्हणाले, "मला वाटलं होतं तुम्ही तेव्हा उगाच हो म्हणालात." मी म्हटलं, "उगाचच म्हटलं होतं."

मग मीच विचारलं. माझी शाळा? त्यांनी पाचर हातात फिरवली. इथल्या मुलींच्या शाळेत चौकशी केली आहे, म्हणाले, जागा होईल कदाचित. तेवढ्यात मागून त्यांच्या आई, "ते आपण मग बघू." मायेनेच म्हणाल्या. पण आमच्याही घरी विहिरीचं मग बघूच होतं. त्यांनी आपल्या आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाचर परत ठोकली. खोली एकदम शांत झाली.

दिवेलागणीला घरी. वाटेत जानू एकदा म्हणाला, "घर चांगलं हाय, ताई. हवा हाय." वाटभर मला ती खिडकीच दिसत होती. आवडलं सगळं. ते आवडले. त्या 'मग बघू'ची मात्र भीती वाटते.

ठरवलं आहे. संध्याकाळी मामा आले की अण्णांच्या आधी मी बोलणार. शाळेचं मग नाही, आत्ता बघा, आणि त्यांना स्वतःला सांगू द्या, त्यांच्या आईसमोर. मग माझं हो. ते काय म्हणतील कुणास ठाऊक. वत्सला म्हणते, म्हणतील. तिला काय जातंय.

आत्ता खडूसाठी पिशवीत हात घातला. पुरचुंडी नाही. पिशवी उलटी केली, नाहीच. खिडकीपाशी पदर आवरायला पिन काढत होते तेव्हा ती वर आली होती, हे आठवतं. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली हेही आठवतं. उचलल्याचं आठवत नाही. विसरले की ठेवली, हे माझं मला सांगता येत नाही. अण्णांना कळलं तर म्हणतील, पश्चिमेच्या घरात ठेवली ना, मग निघालीस तू.

घंटा झाली. तिथे तरी कुणी शिजवू नये.