उतारावर थांबलेला निळा ठिपका

हसनाबाद, बुधवार, दिवेलागण

दादाचा निळा ठिपका अजून हलत न्हाई. फ्रान्समधल्या जंगलाच्या रस्त्यावर तो इथून खोक्यात घालून नेलेली सायकल आज पहिल्यांदाच चालवून राह्यला, अन् मी इथं मोबाईलच्या नकाशावर दुपारपासून त्याच्या मागं. ठिपका ऐन उतारावर थांबलाय. दम खात असंल? मंग फोन का उचलत न्हाई?

मी रडकुंडीला आले, तर आई म्हणे, "कायला भेतीस? खोक्यात भरायच्या आधी सायकलची खांदमळण केल्ती मी. पोळ्याला बैलाचे खांदे मळतो तशी. सगळीकडं तेल चोळलं. चाकातली ती चकती लई किरकिरायची, तिला तर दोनदा."

ती चकती म्हंजे ब्रेक. तेल लागलं की पकड खलास.

निघताना त्यानं ब्रेक दाबून पाह्यला असंल. असंल ना? जल्दीत असला की तो कायबी बघत न्हाई.

ठिपका तिथंच.

आईला कसं सांगू? ती देवापुढं बसलीय. मघाशी समईत तेल ओतताना म्हणली, "त्याच्या सायकलीचं उरलेलं हाय हे. थोडं ठिवते. आला की परत चोळीन."